प्रायोगिक ध्वनिकला आणि व्हिडिओकला ऑनलाइन कशी शोधावी: आधी नोंद, मग फाईल

यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘एक्सपेरिमेंटल म्युझिक’ असे टाकले की झोप लागावी म्हणून केलेले दहा-दहा तासांचे आवाज, कीबोर्डचे डेमो आणि ‘जगातील सर्वांत विचित्र गाणी’ अशा याद्या समोर येतात. शोधणारा दोन-चार क्लिप अर्ध्या मिनिटात बंद करतो आणि या प्रांतात ऐकण्यासारखे काही नाही किंवा आपल्याला त्यातले काही कळत नाही, असे ठरवून मोकळा होतो. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी हाताला लागेल ती फाईल उघडली जाते, ती अर्धवट ऐकली जाते, आणि ती नेमकी कशाची होती हे तपासलेच जात नाही. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे: आधी साधने, मग एक नाव, मग त्या कलाकृतीची नोंद आणि त्यानंतर फाईल. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटून थेट चौथ्यावर उडी मारावीशी वाटेल. तसे केल्यास पाचव्या टप्प्यावर अडकून पुन्हा मागे यावे लागते.

टप्पा १: साधने आणि सेटिंग तपासणे

फोनच्या स्पीकरवर ध्वनिकला ऐकू नये. एवढ्याशा स्पीकरमधून खालच्या पट्टीतला आवाज फारच क्षीण येतो, आणि एलियान रादिग यांच्यासारख्या फ्रेंच संगीतकाराच्या रचनांमध्ये तर बराचसा बदल तिथेच, अतिशय सावकाश घडत असतो. साधे वायरचे हेडफोन पुरेसे आहेत, महागडे घेण्याची गरज नाही. बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय हेडफोनमध्ये असेल, तर घरात शांतता असताना ती बंद ठेवावी, कारण काही हेडफोनमध्ये ती चालू असताना खालच्या आवाजाचा पोत बदलतो.

त्यानंतर सेटिंग पाहावीत, आणि बहुतेकांची गफलत येथेच होते. यूट्यूबवर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘स्टेबल व्हॉल्यूम’ नावाची सोय असते. ती हळू आवाज वर उचलते आणि मोठा आवाज खाली दाबते. बातम्या ऐकताना ती उपयोगी आहे, पण ज्या रचनेचा सारा अर्थ अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजातल्या अंतरात आहे, तिचा ती सत्यानाश करते, म्हणून ती बंद करावी. फोनच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू असल्यास तेही बंद करावे. संगणकावर आवाज समतल करणारी किंवा ‘सराउंड’ भासवणारी कुठलीही करामत चालू ठेवू नये. डेटा वाचवण्यासाठी व्हिडिओचा दर्जा आपोआप खाली जात असेल, तर तो हाताने वर न्यावा आणि आपोआप पुढचे लावणारा ‘ऑटोप्ले’ही थांबवावा.

*तपासणी:* पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचे एखादे परिचित रेकॉर्डिंग लावावे. काळी एक पट्टीतला खर्जाचा षड्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो. फोनच्या स्पीकरवरही तो स्वर ओळखू येतो, कारण वरच्या आंशिक स्वरांवरून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. पण हेडफोनवर त्या तारेचे अंग, तिची घुमक जाणवायला हवी. ती जाणवत नसेल तर हेडफोन नीट बसलेले नाहीत किंवा एखादे सेटिंग आड येत आहे.

*सावधान:* आवाजाची पातळी सुरुवातीच्या शांत भागावरून ठरवू नये. काही रचनांमध्ये दहा मिनिटांच्या कुजबुजीनंतर एकदम स्फोटासारखा आवाज येतो, आणि कानांना होणारी इजा कायमची असू शकते. पातळी मध्यम ठेवावी आणि हात बटणाजवळ असू द्यावा.

टप्पा २: प्रकार सोडून एक नाव धरणे

‘एक्सपेरिमेंटल’, ‘ॲव्हाँ-गार्द’, ‘व्हिडिओ आर्ट’ हे शब्द शोधयंत्राच्या उपयोगाचे नाहीत. ते कोणीही कशालाही चिकटवतो. शोध एखाद्या व्यक्तीपासून, संस्थेपासून, एका कलाकृतीपासून किंवा फार तर एखाद्या नेमक्या तंत्रापासून सुरू करावा. ‘फील्ड रेकॉर्डिंग’ (बाहेर जाऊन टिपलेले आवाज), ‘म्युझिक काँक्रेत’ (मुद्रित आवाज कापून-जोडून केलेले संगीत), ‘टेप लूप’ (पुन्हा पुन्हा फिरणारा टेपचा तुकडा), ‘ड्रोन’ (तानपुऱ्यासारखा सतत टिकणारा स्वर), ‘सिंगल-चॅनेल व्हिडिओ’ (एकाच पडद्यासाठीचा) हे शब्द बरे, कारण ते काम कसे केले आहे ते सांगतात. कलाकार आपले संगीत थेट विकतात त्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर अशा तंत्रांच्या नावांचे टॅग असतात आणि तिथे दोन टॅग एकत्र घेऊन शोधले तर उत्तरे चांगलीच नेमकी होतात.

कुठल्या नावापासून सुरुवात करावी असा प्रश्न असेल, तर जवळच्याच दोन जागा सुचवतो. पहिली मुंबईतील फिल्म्स डिव्हिजन. सरकारी माहितीपट काढणाऱ्या आणि आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या या संस्थेत प्रमोद पती यांनी १९६८ साली ‘एक्सप्लोरर’ हा सुमारे सात मिनिटांचा लघुपट केला आणि १९७२ मध्ये ‘आबिद’. पडद्यावर आदळणाऱ्या प्रतिमा आणि त्यांच्याशी भांडणारा ध्वनी यांचा असा मेळ पाहणाऱ्याला सरकारी शिक्क्याखाली अपेक्षित नसतो. दुसरी जागा अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, जिच्याबद्दल सातव्या टप्प्यात सविस्तर येईल. दोन्हींपैकी एकच निवडावी. पहिल्याच संध्याकाळी दहा नावे घेतली तर एकही नीट हाती लागत नाही.

नावाचे रोमन स्पेलिंग मात्र आपल्या कानावर विसंबून टाइप करू नये. ‘पती’, ‘पदमसी’, ‘रादिग’ ही नावे ऐकून लिहिली की हमखास चुकतात, आणि फ्रेंच नावांत अक्षरांवरच्या खुणांमुळे काही संग्रहांत उत्तरच मिळत नाही. एखाद्या विश्वासार्ह पानावरून नाव उचलून चिकटवावे. मग खुणांशिवाय पुन्हा एकदा शोधावे.

टप्पा ३: नोंद तयार करणे

फाईल शोधण्यापूर्वी वहीत किंवा फोनमध्ये कलाकृतीची नोंद करावी: कलाकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, लांबी, ध्वनी आहे की मूक, रंगीत की कृष्णधवल, एका पडद्यासाठी केलेले की दालनात मांडण्यासाठी, आणि कोणती आवृत्ती. ही माहिती कलाकृती जतन करणाऱ्या व वितरित करणाऱ्या संस्थांच्या सूचींमध्ये मिळते.

व्हिडिओसाठी न्यूयॉर्कची इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स (स्थापना १९७१) आणि शिकागोची व्हिडिओ डेटा बँक (१९७६) या दोन सूचींपासून सुरुवात करावी. त्यांच्यापाठोपाठ टोरांटोची व्हीटेप, लंडनची लक्स आणि प्रायोगिक चित्रपटांसाठी पॅरिसची लाइट कोन. या सूचींत प्रत्येक कामाचे वर्ष, लांबी आणि थोडक्यात वर्णन असते. ध्वनीसाठी अशी एकच मोठी सूची नाही, म्हणून रेकॉर्ड लेबलचे (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचे) स्वतःचे पान आणि रेकॉर्डांची सूची असलेले डिस्कॉग्स हे संकेतस्थळ यांवरून वर्ष व लांबी जुळवावी लागते. रेडिओसाठी केलेल्या कामांकरिता ऑस्ट्रियाच्या सार्वजनिक रेडिओवर १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘कुन्स्टरेडिओ’चा ऑनलाइन संग्रह उत्तम आहे.

आवृत्तीचा रकाना लोक वगळतात, आणि पुढचे अनेक गोंधळ तिथूनच निघतात. अमेरिकन संगीतकार आल्विन ल्यूसिए यांची ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ ही १९६९ची रचना घ्या. एक परिच्छेद वाचून तो टेपवर घ्यायचा, ती टेप त्याच खोलीत वाजवून पुन्हा टेप करायची आणि असे करत राहायचे. हळूहळू शब्द विरघळतात आणि खोलीच्या स्वतःच्या अनुनादाचे स्वर उरतात. तिचे एक जुने, बरेच छोटे रेकॉर्डिंग आहे आणि १९८१ मध्ये ‘लव्हली म्युझिक’ या लेबलने काढलेले सुमारे ४५ मिनिटांचे आहे. शिवाय इतर कित्येकांनी ती आपापल्या खोल्यांत केली आहे. लांबी न नोंदवता शोधल्यास कुणा विद्यार्थ्याच्या वसतिगृहातली खोली ऐकून ल्यूसिए ऐकल्याचे समाधान मिळते. (ती खोलीही वाईट असतेच असे नाही, फक्त ती कोणाची आहे हे ठाऊक असावे.)

*तपासणी:* नोंदीत किमान वर्ष आणि लांबी या दोन गोष्टी आहेत ना? नसतील तर पुढे जाऊ नये.

टप्पा ४: फाईल शोधण्याचा क्रम

आता फाईल. पुढील क्रमाने शोधावे आणि मिळाल्यावर थांबावे.

१. कलाकाराचे किंवा लेबलचे स्वतःचे संकेतस्थळ, बँडकॅम्प अथवा विमिओ या व्हिडिओंच्या संकेतस्थळावरचे खाते. मूळ प्रत इथे असण्याची शक्यता सर्वाधिक, आणि पैसे दिले तर ते योग्य हाती जातात.

२. वितरक किंवा संस्थेचे पान. व्हिडिओ डेटा बँक आपल्या ‘व्हीडीबी टीव्ही’वर निवडक कार्यक्रम पूर्ण लांबीत विनामूल्य दाखवते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्सच्या सूचीत मात्र बहुतेक ठिकाणी केवळ काही मिनिटांचा अंश असतो. प्रमोद पतींच्या कामासाठी फिल्म्स डिव्हिजनचे यूट्यूब खाते इथेच मोडते.

३. उबूवेब. १९९६ मध्ये केनेथ गोल्डस्मिथ यांनी सुरू केलेला हा संग्रह प्रचंड आहे, पण तिथल्या अनेक गोष्टी हक्कधारकांची परवानगी न घेता ठेवलेल्या आहेत आणि संस्थापकांनी ते कधी लपवलेले नाही. व्हिडिओंचा दर्जा अनेकदा सुमार असतो. ओळख करून घेण्यास ठीक. रंग, पोत आणि ध्वनीच्या बारकाव्यांबद्दल त्यावरून मत बनवू नये.

४. इंटरनेट आर्काइव्ह, हा ध्वनी, चित्रपट, पुस्तके यांचा मोफत ऑनलाइन संग्रह. याच्या साध्या शोधपट्टीत शब्द टाकून उपयोग होत नाही. प्रगत शोधाच्या पानावर जाऊन निर्मात्याचे नाव, वर्ष आणि माध्यमाचा प्रकार असे वेगवेगळे रकाने भरावेत. ‘नेटलेबल्स’ (फक्त इंटरनेटवर संगीत प्रकाशित करणारी लेबले) नावाचा तिथला विभाग स्वतंत्रपणे चाळण्याजोगा आहे, आणि ध्वनीच्या फाईल पुष्कळदा एमपी३ बरोबर फ्लॅक (आवाजाचा दर्जा न गमावता दाबलेली फाईल) स्वरूपातही मिळतात. फ्लॅक असेल तर तीच घ्यावी.

५. यूट्यूबवरील अनोळखी खाती. ही शेवटी, आणि पाचव्या टप्प्याची तपासणी काटेकोर करूनच.

भारतीय सामग्रीसाठी या यादीत आणखी एक जागा हवी: २००८ मध्ये सुरू झालेला ‘पॅडमा’ हा संग्रह, ज्यामागे मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलाकार-गटासह अनेक संस्था आहेत. तो चुकीच्या पद्धतीने वापरला जातो. लोक तिथे तयार चित्रपट शोधायला जातात आणि न संपादलेले चित्रीकरण पाहून परत फिरतात. पॅडमाचे बळ टिपणांत आहे. चित्रीकरणाच्या क्षणाक्षणाला वर्णने, संवाद आणि शोधशब्द जोडलेले असतात, त्यामुळे एखादा शब्द शोधला की तो ज्या सेकंदाला येतो त्या सेकंदावरच जाता येते. म्हणून तिथे शीर्षक शोधण्याऐवजी वस्तीचे नाव, वस्तू, यंत्र किंवा आवाज शोधावा.

ठिकाणाच्या अंगाने ऐकायचे असेल तर ‘रेडिओ अपोरी’चा नकाशा उघडावा. २००६ पासून जगभरातील लोक आपापल्या ठिकाणचे आवाज त्यावर ठेवत आहेत. नकाशा मुंबईवर, कोकणावर किंवा पणजीवर आणावा आणि सर्वांत लांब रेकॉर्डिंगपासून ऐकायला घ्यावे. दहा सेकंदांच्या तुकड्यांत ठिकाण उलगडत नाही.

टप्पा ५: मिळालेली फाईल तीच आहे का?

प्रस्तुत लेखकाच्या मते हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो जवळपास कोणीच करत नाही.

पहिली तुलना लांबीची. अमेरिकन व्हिडिओ कलाकार जोन जोनास यांचा ‘व्हर्टिकल रोल’ (१९७२) १९ मिनिटे ३८ सेकंदांचा आहे. हाती आलेली क्लिप तीन मिनिटांची असेल तर तो अंश आहे. अंश पाहण्यात गैर नाही, पण नोंदीत तसे लिहावे.

दुसरी तुलना चौकटीची, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाची. साठ ते नव्वदच्या दशकांतील बहुतेक व्हिडिओ ४:३ प्रमाणात केलेले आहेत. आजच्या रुंद पडद्याला भरण्यासाठी कोणी तो ताणलेला असतो किंवा वरखाली कापलेला असतो. चित्रात कुठे वर्तुळ किंवा समोरून दिसणारा चेहरा असेल तर तो आडवा फुगलेला आहे का ते पाहावे. टीव्हीवर पाहत असल्यास आधी टीव्हीचेच ‘झूम’ किंवा ‘स्ट्रेच’ सेटिंग तपासावे, कारण दोष बऱ्याचदा तिथे असतो.

तिसरी तुलना ध्वनीची. प्रायोगिक चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज यांचा ‘मॉथलाइट’ (१९६३) पतंगांचे पंख आणि पानाफुलांचे तुकडे पारदर्शक पट्टीवर चिकटवून केलेला आहे आणि तो मूक आहे. त्याखाली पियानो वाजत असेल, तर तो पियानो फाईल चढवणाऱ्याचा आहे. तो बंद करून पाहावे. याउलट, नोंदीत ध्वनी आहे आणि फाईल गप्प आहे, असे असेल तर हक्काच्या दाव्यामुळे ध्वनी काढून टाकलेला असण्याची शक्यता मोठी. ती फाईल सोडून द्यावी.

चौथी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. समोर आलेले चित्रण हीच कलाकृती आहे, की कलाकृतीचे कोणीतरी केलेले चित्रण? मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची ‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’ ही ध्वनिमांडणी पाहा. तुरुंगवास भोगलेल्या शंभर कवींच्या ओळी, त्या कागदांना भोसकणाऱ्या शंभर धातूच्या सळ्या, आणि वरून टांगलेले शंभर मायक्रोफोन, ज्यांच्यातून बोलण्याऐवजी आवाज बाहेर येतो. प्रेक्षक त्यांमधून चालतो आणि आवाज एका मायक्रोफोनकडून दुसऱ्याकडे सरकत जातात. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये हे सारे दोन कानांपुरते सपाट होते. अशा कामाबद्दल ऑनलाइन वाचावे, छायाचित्रे पाहावीत, मजकूर मिळाल्यास वाचावा. पण ‘पाहिलेल्या’ यादीत ते टाकू नये.

*तपासणी:* लांबी, चौकट, ध्वनी आणि मूळ की चित्रण, या चारही बाबी नोंदीशी ताडल्या का? एक जरी जुळत नसेल तर चौथ्या टप्प्यावर परत जाऊन पुढची प्रत पाहावी.

टप्पा ६: बसून पाहणे आणि ऐकणे

लांबी आधीच ठाऊक असल्याने तेवढा वेळ मोकळा ठेवता येतो. मध्ये थांबवणे, पुढे सरकवणे, वेग वाढवणे टाळावे. ल्यूसिएंच्या रचनेत पहिली काही मिनिटे एक माणूस साध्या आवाजात बोलतो आहे, एवढेच ऐकू येते. तेवढ्यावर जो उठतो त्याच्या पदरी निव्वळ भाषण पडते.

‘व्हर्टिकल रोल’मध्ये चित्र सतत वरखाली घसरत राहते आणि मध्ये काळी पट्टी येते. फाईल खराब आहे असे समजून ती बंद करणारे पुष्कळ आहेत, परंतु टीव्हीच्या संचातला तो दोषच तिथे मुद्दाम वापरलेला आहे. दोष मुद्दाम आहे की फाईलचा, हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे: सूचीतले वर्णन वाचावे. दुसरी खूण म्हणजे मुद्दाम योजलेल्या दोषाला बहुधा लय असते आणि चित्रातली व्यक्ती त्या लयीला उत्तर देते. खराब फाईल कुठेही अडकते.

*सावधान:* टोनी कॉनराड यांच्या ‘द फ्लिकर’ (१९६६) सारख्या चित्रपटांत काळ्या-पांढऱ्या चौकटींची वेगवान उघडझाप असते. अपस्मार असलेल्यांनी किंवा लुकलुकत्या प्रकाशाने त्रास होणाऱ्यांनी ते पाहूच नयेत. त्या चित्रपटाच्या सुरुवातीलाही अशी सूचना आहे. शिवाय ऑनलाइन दाबलेल्या फाईलमध्ये चौकटी एकमेकींत मिसळतात आणि उघडझापेचा मूळ वेग बिघडतो. हा एक चित्रपट असा आहे की जो प्रोजेक्टरवर दाखवला जाईपर्यंत थांबणेच बरे.

टप्पा ७: पुढचे नाव श्रेयनामावलीतून घेणे

पाहून झाल्यावर बाजूला सुचवलेल्या व्हिडिओंकडे वळू नये. पुढचे नाव कामाच्या श्रेयनामावलीतून घ्यावे: ध्वनी कोणी केला, यंत्र कोणाचे, पैसे कोणी दिले, टेप कोणी जपली.

एनआयडीचे उदाहरण घेऊ. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने तिथे मूग सिंथेसायझरसह (विजेवर आवाज निर्माण करणारे वाद्य) एक इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. त्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांना त्या सापडल्या, २०२० मध्ये त्यांनी त्यांवर बीबीसी रेडिओ ३ साठी कार्यक्रम केला आणि १९६९ ते १९७२ या काळातील निवडक ध्वनिमुद्रणांचा संच २०२३ मध्ये प्रकाशित झाला. या एका संचातून किमान तीन वाटा फुटतात. ट्यूडरवरून त्यांच्या स्वतःच्या ‘रेनफॉरेस्ट’ या मालिकेकडे जाता येते. गीता साराभाईंवरून अमेरिकन संगीतकार जॉन केजकडे, कारण १९४६ मध्ये त्यांनी केजना भारतीय संगीत शिकवले होते. आणि त्याच काळात मुंबईत काय चालले होते असे विचारले, तर चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपकडे आणि तिथे काम केलेल्या कलाकार नलिनी मलानी यांच्याकडे. प्रमोद पतींच्या बाजूने निघालेला वाचक ‘एक्सप्लोरर’च्या ध्वनीवरून बासरीवादक विजय राघव राव यांच्यापर्यंत पोहोचतो, ज्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी भरपूर संगीत केले.

एका वेळी एकच वाट धरावी आणि उरलेल्या वहीत लिहून ठेवाव्यात. प्रत्येक नव्या नावासाठी पुन्हा तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करावी.

टप्पा ८: जपून ठेवणे

केवळ दुव्यांची यादी फार टिकत नाही. पाने हलतात, खाती बंद होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर इंटरनेट आर्काइव्हच सायबर हल्ल्यामुळे काही दिवस बंद होते. म्हणून दुव्याबरोबर तिसऱ्या टप्प्यातली नोंद आणि पाहिल्याची तारीख ठेवावी; दुवा मेला तरी नोंदीवरून दुसरी प्रत शोधता येते. मेलेला दुवा वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या वेबपानांच्या संग्रहात, टाकून पाहावा. पान मिळते, पण त्यावरची ध्वनीची किंवा व्हिडिओची फाईल अनेकदा जतन झालेली नसते, तेव्हा पानावरचे वर्णन तेवढे उतरवून घ्यावे. फ्लॅश या जुन्या वेब-तंत्रात केलेली कामे ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, कारण फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. ‘रफल’ हे मोफत साधन बसवल्यास त्यांतली बरीच चालतात.

डाउनलोड केलेली फाईल स्वतःच्या कामात वापरायची असेल, तर आधी परवान्याची ओळ वाचावी. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीसाउंड’वर प्रत्येक आवाजाचा परवाना स्वतंत्र असतो: काही पूर्णपणे मुक्त, काहींत नाव देणे बंधनकारक, तर काहींत व्यावसायिक वापराला मनाई. एकाच व्यक्तीने ठेवलेल्या दोन फाईलींचे परवानेही वेगळे असू शकतात, त्यामुळे परवाना प्रत्येक फाईलच्या पानावर जाऊनच पाहावा आणि फाईलच्या नावातच तो लिहून ठेवावा.